एटीव्हीवरून धनुष्य आणि क्रॉसबो नेताना

विस्कॉन्सिनमध्ये हरणाचा धनुष्य-हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीत जाऊन संपतो. शिकागो, मॅडिसन, मिलवॉकीकडच्या आपल्या ओळखीतही आता एखाद-दुसरा या दिवसांत उत्तरेच्या जंगलाकडे निघालेला दिसतो. कुणी ऑफिसातल्या मित्रामुळे नादाला लागलेला असतो, कुणी शेजाऱ्यामुळे. हा लेख त्यांच्यासाठी आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा इथलं काहीही तिकडे लागू करू नये. नियम जिथे सांगितले आहेत तिथे ते विस्कॉन्सिनचे आहेत. बाकीचं कुठल्याही रानवाटेवर उपयोगी पडेल.

केबिनपासून मचाणापर्यंत मैल-दोन मैल एटीव्हीवरून (हँडल असलेल्या चारचाकी रानगाडीवरून) जायचं असेल तर बहुतेकांना काळजी असते ती धनुष्य पडण्याची. खरं तर पडणं परवडलं, कारण पडलेलं आपल्याला दिसतं आणि आपण तपासतो. हादऱ्यांनी जे बिघडतं ते दिसतच नाही. नेम धरायच्या साइटचा एक स्क्रू अर्धा आटा सैल होतो, पीप (दोरीतलं ज्यातून बघायचं ते छोटं भोक) जरासं फिरतं, बाण टेकायचा रेस्ट केसभर खाली बसतो. बाहेरून धनुष्य अगदी ठणठणीत असतं.

हा केसभर फरक किती महागात पडतो, याचा हिशोब करून बघा. धनुष्य पूर्ण ताणल्यावर डोळ्याजवळच्या पीपपासून साइटच्या पिनपर्यंत (नेम धरायच्या ठिपक्यापर्यंत) साधारण 85 सेंटिमीटर अंतर असतं. 20 यार्ड म्हणजे सुमारे 18 मीटर. म्हणजे पिन 1 मिलिमीटर सरकली की 20 यार्डांवर बाण दोन सेंटिमीटरहून जास्त चुकतो, आणि 40 यार्डांवर चारहून जास्त. 3 मिलिमीटर सरकली तर 40 यार्डांवर 13 सेंटिमीटर. व्हाइटटेल हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम 20 सेंटिमीटर व्यासाचा. मधोमध नेम धरूनही बाण त्याच्या बाहेर जातो आणि जनावर जखमी होऊन झाडीत निघून जातं, रात्रभर तडफडतं. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. नेमाचा सराव उन्हाळाभर करायचा आणि शेवटच्या मैलात तो मातीत घालायचा, हे त्या जनावरावर अन्याय करणारं आहे.

आधी कायदा

विस्कॉन्सिनचा नियम आटोपशीर आहे. गाडीत किंवा गाडीवर धनुष्य नेताना दोरीला बाण लावलेला नसावा. क्रॉसबो (दांडा आणि ट्रिगर असलेलं आडवं धनुष्य) ताणलेला नसावा, आणि ताणलेलाच असेल तर त्यावर बाण नसावा व तो केसमध्ये बंद असावा. एटीव्ही आणि यूटीव्ही (शेजारी-शेजारी सीट आणि मागे हौदा असलेली रानगाडी) दोन्हींना हे लागू आहे. दुसरी गोष्ट, गाडीत बसून किंवा गाडीवरून बाण सोडायला मनाई आहे. अपंगत्वाचा खास परवाना असलेल्यांची गोष्ट वेगळी.

ताणलेला क्रॉसबो केसमध्ये घालून नेण्याची मुभा कायदा देतो, पण ती कधीही घेऊ नये. कारण पुढे येईलच.

निदान 12 वर्षांच्या आणि 1 जानेवारी 1988 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या चालकाला सार्वजनिक वाटांवर एटीव्ही चालवायला सुरक्षा-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. शिकारीच्या परवान्यासाठी 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारी-प्रशिक्षण लागतं. इलिनॉयहून येणाऱ्यांना परराज्याचा शिकार-परवाना आणि वाटांवर एटीव्ही चालवायचा परराज्याचा ट्रेल पास असे दोन्ही वेगवेगळे घ्यावे लागतात. ट्रेल पास लोक हमखास विसरतात. हेल्मेटची सक्ती 18 वर्षांखालच्यांना आहे, पण घाला. बंदुकीचा हरीण-हंगाम चालू असेल तर धनुष्यवाल्यांनाही भडक केशरी किंवा भडक गुलाबी कपडे सक्तीचे आहेत.

शेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय वनात एटीव्ही फक्त नकाशावर दाखवलेल्या वाटांवरूनच न्यायची असते. ‘जरा आत घालून मचाणापर्यंत जाऊ’ हे तिथे चालत नाही. काउंटी वनांचे नियम प्रत्येक काउंटीचे स्वतंत्र. तुम्ही मिशिगन किंवा मिनेसोटात जात असाल तर तिथली नियमपुस्तिका वेगळी वाचा. धनुष्य केसमध्ये असलंच पाहिजे की नाही, यावर राज्याराज्यांत फरक आहे. केसमध्ये, बाण वेगळे, क्रॉसबो न ताणलेला, असं नेलं तर सहसा कुठे अडत नाही.

केस कोणती

कडक केस घ्या. मऊ पिशवी पाठीवर चालत जायला छान, पण एटीव्हीवर तिचा पट्टा आवळला की तो थेट साइटवर आणि केबलवर आवळला जातो. प्लास्टिकची कडक केस, झाकणाच्या कडेने रबरी सील, आत दोन्ही बाजूंना फोम, आणि कड्या अशा की हातमोजे घालून उघडता येतील. आजकालचं कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं, एका कॅमच्या आसापासून दुसऱ्याच्या आसापर्यंत 30 ते 33 इंच असतं. कॅम धरून केस 40 इंचांच्या आसपास लागते. दुकानात जाताना आपलं धनुष्य बरोबर न्या आणि साइट, रेस्ट, स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी पुढची दांडी) लावून ते आत बसतं का बघा. स्टॅबिलायझर काढून ठेवायला हरकत नाही, साइट मात्र रोज काढ-घाल करू नये.

केसमध्ये धनुष्य साइटची बाजू वर करून ठेवा. खाली ठेवलंत तर सगळं वजन साइटच्या दांडीवर येतं आणि प्रत्येक खड्ड्याला ती दबते. बंद केस हातात घेऊन जोरात हलवा. आतून आवाज आला की फोम कमी आहे. रिकाम्या जागेत मऊ कापड भरा, पण ते दोरीवर किंवा केबलवर दाब देणार नाही असं. कंपाउंडची दोरी कायम ताणात असते. तिला एकाच जागी सतत दाबून ठेवलं तर वेष्टणाचे धागे सरकतात.

क्रॉसबोला त्याच्या घाटाचीच केस लागते. सुपीरियरमध्ये बनणारे रेव्हिनसारखे अरुंद क्रॉसबो छोट्या केसमध्ये मावतात. जुने रुंद बाहूंचे (ताणल्यावर वाकणाऱ्या दोन पट्ट्यांचे) क्रॉसबो मात्र मोठी जागा मागतात, आणि रॅकच्या बाहेर येणारी केस झाडाला लागतेच. दुर्बीण लावलेली असेल तर तिच्यावर झाकणाचा भार येत नाही ना, हे पाहा.

निघण्याच्या आदल्या दिवशी: खुणा

हे काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे आणि सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

धनुष्य अगदी बरोबर लागलेलं असताना, म्हणजे सरावाला बाण मनासारखे पडत असताना, पांढऱ्या पेंट-पेनने खुणा करून ठेवायच्या. साइट जिथे रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाला, जोडलेली असते तिथल्या स्क्रूच्या डोक्यावरून सुरू होऊन खालच्या धातूवर उतरणारी एक बारीक रेघ. अशीच रेघ साइटच्या वर-खाली आणि डाव्या-उजव्या सरकपट्टीवर, रेस्टच्या स्क्रूवर, बाहू घट्ट धरणाऱ्या दोन मोठ्या बोल्टवर. कॅमजवळ केबलवर. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि पहाटेच्या अंधारात हेडलॅम्पच्या उजेडातही ते एका नजरेत कळतं. क्रॉसबोला दुर्बिणीच्या कड्यांवर आणि बाहूंचा भाग दांड्याला जोडणाऱ्या मोठ्या बोल्टवर खुणा करा.

साइट आणि रेस्टच्या धातूच्या स्क्रूंना लॉकटाइटचा निळा, स्क्रू धरून ठेवणारा पण पुन्हा सोडवता येणारा द्रव एक थेंब लावता येतो. लाल लावू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. प्लास्टिकच्या भागांपासून दूर ठेवा, त्याने काही प्लास्टिकला तडे जातात. बाहूंच्या मोठ्या बोल्टना काहीच लावू नये, त्यांना हात घालायचा तो बनवणाऱ्याच्या पुस्तिकेप्रमाणे.

दोरीला मेण चोळा, बोटांच्या उबेने ते आत मुरू द्या. क्रॉसबोच्या दोरीच्या मधल्या, गुंडाळलेल्या भागावर मेण लावायचं नाही. तिथे रेल-ऑइल (बाण ज्यावरून सरकतो त्या रेलचं तेल) लागतं, तेही पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. रेलवर धूळ बसली की प्रत्येक फटक्याला ती दोरी घासून काढते.

बाण वेगळे

बाण धनुष्यावर लावलेल्या भात्यात ठेवून एटीव्ही चालवणारे बरेच दिसतात. नको. पाठीवरच्या भात्यात तर मुळीच नको. एटीव्ही उताराला कलंडली तर माणूस फेकला जातो, आणि ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या टोकाची, पाती वस्तऱ्यासारखी असतात. मांडीतली मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर मदत यायला वेळ नसतो. जंगलात फोनला रेंज असेलच असं नाही.

ब्रॉडहेड लावलेले बाण झाकणाच्या पेटीत ठेवा, ती पेटी धनुष्याच्याच केसमध्ये कप्पा असेल तर त्यात, नाहीतर स्वतंत्र बांधा. भात्याच्या टोपीतला फोम कुरतडला गेला असेल तर पात्यांची टोकं आत सैल फिरतात आणि बोथट होतात. तो फोम बदलता येतो. लागल्यावर उघडणारी, म्हणजे यांत्रिक पाती वापरत असाल तर त्यांची रबरी कडी किंवा कॉलर पोचल्यावर एकेक करून तपासा. अर्धवट उघडलेलं पातं बाण भरकटवतं.

रॅकवर बांधणं

पुढचा रॅक की मागचा? मागच्यावर धूळ आणि चिखल जास्त, कारण चालत्या गाडीच्या मागे हवा आतल्या बाजूला ओढली जाते. पुढच्यावर फांद्या आधी लागतात, समोरचं दिसायला अडतं आणि हँडल पूर्ण वळवताना केस आडवी येऊ शकते. माझं मत मागच्या रॅकच्या बाजूने आहे, पण सील असलेली केस असेल तरच. रॅकवर किती वजन चालतं ते त्यावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. धनुष्याने ते कधी भरत नाही. मचाण, शिडी, पाण्याचे कॅन, दोरखंड सगळं एकावर एक रचलं की मात्र गाडीचा तोल वर सरकतो. जड सामान खाली, केस सर्वांत वर, आणि केसच्या वर काहीही नाही.

केस आडवी ठेवा. उभी, म्हणजे गाडीच्या लांबीत ठेवली तर तिचं टोक मागे लोंबतं आणि प्रत्येक खड्ड्याला वर-खाली आपटतं. आडवी केस दोन्ही बाजूंना सारखी बाहेर यायला हवी आणि हँडलच्या रुंदीपलीकडे जायला नको. जिथून हँडल गेलं तिथून केसही जाईल, एवढा अंदाज चालवताना पुरतो.

आता सायलेन्सर कुठे आहे ते बघा. बऱ्याच एटीव्हींमध्ये तो मागच्या रॅकखाली एका बाजूला असतो. केसचं एक टोक त्यावर येत असेल तर पहिल्यांदा पंधरा मिनिटं गाडी चालवून केसच्या बुडाला हात लावा. गरम लागलं तर जागा बदला. उष्णतेने दोरीचे धागे ताणले जातात आणि थर चिकटवून केलेले बाहू सुटायला लागतात. ऊन पडलेल्या दिवशी काळी केस तासनतास उघड्यावर ठेवू नये, तेही याच कारणाने.

बांधायचं असं:

1. रॅकच्या नळ्या केसला चावतात, म्हणून मध्ये रबरी चटई किंवा जुन्या योगा मॅटचे दोन थर ठेवा. बारीक, सततचा थरथराट यातच बराचसा जिरतो.

2. एक इंच रुंदीचे, कॅम बकलचे पॉलिएस्टर पट्टे दोन घ्या. नायलॉन भिजल्यावर ढिला पडतो. रॅचेट पट्टा नको, त्याला हाताला न जाणवता इतका ताण देता येतो की केसचं झाकण आत दबतं. बंजी दोरी एकटी कधीच नको. ती ताणते, केस उडते, पुन्हा आपटते, म्हणजे हादरे थांबवण्याऐवजी ती ते वाढवते.

3. दोन्ही पट्टे केसच्या टोकांपासून साधारण चौथ्या हिश्श्यावर, कडी टाळून. प्रत्येक पट्ट्याला बांधताना एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो फडफडत नाही. उरलेलं टोक गाठ मारून खोचा. लोंबतं टोक चाकात जातं.

4. केसच्या मुठीतून एक छोटी दोरी काढून रॅकला बांधा. पट्टे सुटले तरी केस वाटेवर पडत नाही.

5. केस दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवा. गाडी हलली पाहिजे, केस नाही.

पाच मिनिटं चालवून थांबा आणि पट्टे पुन्हा आवळा. मॅट दबते, पट्टे बसतात, पहिला आवळलेला ताण टिकत नाही.

हँडलवर किंवा रॅकवर लावायच्या रबरी पकडींचे होल्डर मिळतात. स्वतःच्या शेतावर, सपाट बांधावरून, चालण्याच्या वेगात दोन-तीनशे यार्ड जायचं असेल तर ते ठीक आहेत. पकड रायझरवरच बसली पाहिजे, बाहूवर, कॅमवर किंवा केबलवर नाही. झाडीच्या वाटेला ते वापरू नका. उघडी दोरी एका फांदीत अडकली तर कॅमवरून उतरते, आणि उतरलेल्या दोरीचं कंपाउंड धनुष्य जंगलात दुरुस्त होत नाही. त्याला बो-प्रेस (बाहू दाबून धरणारं यंत्र) लागतो. धनुष्य गळ्यात किंवा खांद्यावर अडकवून चालवणं, किंवा मागे बसवलेल्या सोबत्याच्या हातात देणं, हे दोन्ही पूर्ण बाद. एकाच माणसासाठी असलेल्या एटीव्हीवर दुसऱ्याला बसवायचंच नसतं.

यूटीव्ही असेल तर काम सोपं आहे. सीटमागे उभे होल्डर लावता येतात किंवा केस मागच्या हौद्यात सपाट राहते. हौद्यातही ती बांधायचीच.

क्रॉसबोचा ताण उतरवणं

ताणलेल्या क्रॉसबोत 150 ते 200 पौंडांच्या वर ताण साठलेला असतो आणि तो अडवून धरलेला असतो ट्रिगरच्या एका छोट्या खिट्टीने. सेफ्टी असते, पण खड्ड्याखड्ड्याला बसणाऱ्या धक्क्यांत तिच्यावर भरवसा ठेवू नये. बाण नसताना ती खिट्टी सुटली तर सगळा जोर बाहूंवर येतो. ते चिरतात, दोरी तुटते, आणि तुकडे ज्याच्या अंगावर उडतील त्याचं नशीब. म्हणून केस असो वा नसो, ताणलेला क्रॉसबो एटीव्हीवर चढवायचा नाही.

संध्याकाळी शिकार न होता परत निघताना हा प्रश्न रोज येतो. काही मॉडेलमध्ये क्रँक फिरवून दोरी हळूहळू पुढे सोडता येते. तुमचं त्यातलं असेल तर घरी, उजेडात, पुस्तिका समोर ठेवून ते हाताला बसवा. ज्यात ही सोय नाही त्यासाठी ताण उतरवायचा वेगळा बाण मिळतो. बोथट टोकाचा, स्वस्त. मचाणाखाली फोमचं एक छोटं टार्गेट हंगामभर ठेवून द्यायचं. ते मचाणाच्या बुंध्याशी नको, आठ-दहा पावलांवर, मागे मातीचा चढ असेल असं.

करायचं असं. मचाणावरच ब्रॉडहेडचा बाण काढून पेटीत ठेवा. क्रॉसबो दोरीने खाली सोडा, तोंड जमिनीकडे, आणि तो टेकेल तिथे खाली कुणी उभं नको. मग तुम्ही उतरा. जमिनीवर घट्ट उभे राहा, उतरवायचा बाण लावा, त्याचं मागचं टोक दोरीला नीट टेकलंय हे बोटाने नाही तर डोळ्याने बघा. पुढच्या मुठीवरची बोटं रेलच्या रेषेखाली आहेत का तेही बघा. रेलच्या वर आलेलं बोट दोरीसमोर टिकत नाही. मागे-पुढे कुणी नाही, वाट नाही, गाडी नाही याची खात्री करा आणि टार्गेटमध्ये बाण सोडा. एटीव्हीच्या सीटवर बसून हे करायचं नाही. ते धोक्याचं आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे बेकायदाही.

चालवताना आणि पोचल्यावर

वेगाबद्दल एकच सांगतो. ज्या वेगाला रॅकवरची केस आरशात किंवा मागे वळून पाहिल्यावर उड्या मारताना दिसते, तो वेग जास्त आहे. दगडगोट्यांवर सीटवरून थोडं उठा, म्हणजे तुमचं वजन गाडीच्या मागच्या बाजूला आपटत नाही. पाण्यातून जायचं असेल तर केस कितपत वर आहे ते आधी थांबून बघा.

गाडी मचाणापासून निदान तीनचारशे यार्ड अलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी करा. इंजिनाचा आवाज आणि पेट्रोलचा वास दोन्ही हरणांना कळतात. केस तिथेच उघडा. आधी खुणांच्या रेघा, मग पीप सरळ आहे का, दोरी दोन्ही कॅमच्या खाचेत आहे का, केबल कुठे उसवली आहे का, बाहूंवर चीर आहे का. बाहूंवरून कापसाचा बोळा फिरवला की जिथे चीर असेल तिथे धागे अडकतात. उघड्या बोटांनी तपासू नका, फायबरच्या कुसळी हातात शिरतात.

एखादी रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू जागेवर आणून घट्ट करणं पुरेसं नाही. त्या दिवशी बाण मारून खात्री केल्याशिवाय शिकारीला बसू नये. म्हणून केबिनजवळ 20 यार्डांवर टार्गेट उभं असावं. रेघा शाबूत असल्या तरी हंगामाच्या पहिल्या दिवशी आणि खडबडीत वाटेने आल्यावर एक-दोन बाण मारून बघायला काय जातं?

परतीला हरीण मिळालेलं असेल तर ते आणि केस एकाच रॅकवर बांधू नका. रक्त झाकणाच्या फटीतून आत जातं, दोरीत मुरतं, वाळल्यावर धागे कडक करतं. हरीण मागे, केस पुढे, तेवढ्या वेळापुरती. वजन वाढलेलं असतं, तेव्हा येताना जो चढ सहज चढलात तो उतरताना जपून.

गाडी ट्रेलरवर चढवून शिकागोकडे निघताना केस रॅकवरून काढून कारमध्ये घ्या. हायवेचा वारा, पावसाचं पाणी आणि थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठ केसच्या कड्या खाऊन टाकतात, आणि पेट्रोल पंपावर उघड्या ट्रेलरवरची केस कुणीही उचलून नेऊ शकतं.

थंडीत बाहेरून केबिनमध्ये आणलेली केस लगेच उघडू नका. गार धातूवर खोलीतली दमट हवा लागली की कॅमवर, दुर्बिणीच्या काचेवर पाणी धरतं. तासभर केस बंद राहू द्या, पाणी धरायचं ते बाहेरून धरू दे. मग उघडा, धनुष्य कोरड्या कापडाने पुसा, कॅमच्या खाचा आणि क्रॉसबोची रेल मऊ ब्रशने झाडा. फोम ओला वाटला तर धनुष्य बाहेर टांगून केस उघडीच ठेवा. शेगडीजवळ मात्र दोन्ही नकोत.